आधी भाकरी की भात ते ठरवा, मग कालवण

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच माणसे आहेत, नवराबायको दोघेही नोकरीला जातात, मुले दहा आणि सहा वर्षांची आहेत, सासूबाईंना कडक पदार्थ चावत नाहीत आणि रोज संध्याकाळी त्याच सहा-सात भाज्या आलटून पालटून होतात; तेव्हा अनुभवी मंडळींनी आपल्या घरचे आवडते बेत कृतीसह सांगावेत. भाकरी थापताना तुटते ही तक्रार सोबत आहे, आणि महिन्यातून एकदा आठ-दहा पाहुणे जेवायला असतात तेव्हा काय करावे, हेही विचारले आहे. मी अनेक वर्षे पुण्यात घरगुती डबे करून देते, त्यामुळे ‘आज काय करायचे’ हा प्रश्न माझ्यासमोर रोज दोन वेळा असतो. त्याचे जे उत्तर मला कामाचे वाटत आले आहे ते येथे सविस्तर लिहिते.

बेत भाजीपासून ठरवायला घेतला की माणूस अडतो. बाजारात भाज्या मोजक्याच असतात, त्यातल्या निम्म्या मुलांना नको असतात आणि उरलेल्या परवाच झालेल्या असतात. त्याऐवजी आज ताटात ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, पोळी की भात, एवढेच आधी ठरवावे. ते ठरले की कालवण किती पातळ, किती तेलाचे, आंबट की गोडसर, हे बरेचसे आपोआप ठरते. भाकरीला स्वतःची चव असते पण तेल-तूप नसते, म्हणून तिच्याबरोबर लसणाचे, तेलाची तर्री असलेले, खमंग आणि झणझणीत कालवण शोभते. भाताला पातळ आणि थोडे आंबट काहीतरी लागते, नाहीतर दुसऱ्या वाढीला भात घशाखाली उतरत नाही. पोळी सगळ्यांशी जमवून घेते आणि नेमक्या याच सोयीमुळे पोळीभाजी खाणाऱ्या घरात जेवण लवकर एकसुरी होते. तुमच्या घरी रोज पोळीच होत असेल, तर आठवड्यातले दोन दिवस भाकरीचे आणि दोन दिवस निव्वळ भाताचे करावेत. नवी भाजी शोधण्यापेक्षा या बदलाने ताट जास्त बदलते.

आता भाकरीचे पाहू. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारा भाग नसतो, त्यामुळे तिचे पीठ पाण्यात कालवून केवळ मळण्याने धरत नाही. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. म्हणून नवशिक्याने थेट उकड काढावी. १ वाटी पाण्यात चिमूटभर मीठ घालून पाणी खळखळ उकळवावे, गॅस बंद करून त्यात १ वाटी ज्वारीचे पीठ घालावे, उलथण्याच्या दांड्याने ढवळावे आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. मग परातीत काढून, हाताला सोसेल इतके गरम असतानाच तळहाताच्या टाचेने रगडून मळावे. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा मळून घ्यावा, बाकीचे पीठ झाकून ठेवावे. गोळा वळताना कडेला चिरा पडत असतील तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे; चिरा असलेला गोळा थापायला घेऊ नये, कारण त्या चिरा भाकरीबरोबर मोठ्या होत जातात.

थापताना परातीत कोरडे पीठ पसरून गोळा त्यावर ठेवावा आणि बोटांनी नव्हे, तर तळव्याने कडेकडेने दाब देत भाकरी गोल फिरत राहील असे थापावे. तवा चांगला तापलेला असावा. भाकरी टाकताना पिठाची बाजू वर येते. त्या बाजूवर लगेच पाण्याचा हात फिरवावा आणि पाणी पूर्ण वाळायच्या आत, पृष्ठभाग ओलसर असतानाच, उलटावी. पाणी सुकून गेल्यावर उलटली तर वरचा थर तडकतो, वाफ त्या भेगांतून निघून जाते आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजू द्यावी, मग पहिली बाजू थेट आचेवर धरावी, म्हणजे पदर सुटून भाकरी टम्म फुगते. तुमची भाकरी परातीतून उचलतानाच तुटत असेल, तर मात्र हाताला दोष देण्याआधी पीठ पाहावे. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, जाते आणि मग कितीही मळले तरी ते धरत नाही. पंधरवड्यात संपेल इतकेच पीठ दळून आणावे. ज्वारी शक्यतो मालदांडी घ्यावी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे ते उगीच नव्हे, तिची भाकरी पांढरी, मऊ होते आणि गार झाल्यावरही वातड होत नाही. परदेशात राहणाऱ्या ज्या मंडळींना पाकिटातले जुनेच पीठ मिळते, त्यांनाही उकड काढण्याचा हाच उपाय उपयोगी पडतो. त्यात मूठभर तांदळाचे पीठ किंवा कणीक मिसळायला हरकत नाही, भाकरीचे सोवळे कोणी पाळत नाही.

भाकरीच्या दिवशी भाजी आणायचे विसरले तरी चालते, कारण घरात बेसन असते. पिठल्याची कृती सगळ्यांना ठाऊक असते, पण बहुतेक घरांत ते कच्चे राहते. १ वाटी बेसनाला साधारण ३ वाट्या पाणी घ्यावे. बेसन त्यातल्या १ वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवावे. कढईत २ मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग, आठ-दहा ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या आणि हिरव्या मिरच्या घालाव्यात. लसूण कडेने तांबूस झाली की बारीक चिरलेला कांदा घालून तो मऊ होईपर्यंत परतावा, हळद घालावी आणि उरलेले २ वाट्या पाणी व मीठ घालून उकळी आणावी. कालवलेले पीठ एका हाताने धार धरून ओतावे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. येथपर्यंत सगळे जण नीट करतात. पीठ दाटले की पिठले झाले असे समजून गॅस बंद केला जातो, ती घाई करू नये. आच अगदी मंद करून झाकण ठेवावे आणि सात-आठ मिनिटे वाफ येऊ द्यावी, मधून एकदा तळापासून ढवळावे. कच्च्या बेसनाचा वास जाऊन लसणीचा वास वर येतो, वर चकाकी दिसते आणि कडेने तेल सुटू लागते, तेव्हा ते शिजले. पिठले गार होताना आणखी घट्ट होते, म्हणून उतरवताना ताटात पसरेल इतके सैल असावे. ज्यांना रवाळ आवडते त्यांनी पीठ न कालवता उकळत्या पाण्यात कोरडेच पेरावे. आमच्या डब्यांत काही जणांना तेच हवे असते. सासूबाईंसाठी हे जेवण अगदी सोयीचे आहे: भाकरी गरम असतानाच कुस्करून तिच्यावर पातळ पिठले आणि तूप घालून पाच मिनिटे झाकून ठेवावे, चावण्याचे काम उरत नाही.

भाकरीबरोबरची जोडी प्रांतोप्रांती ठरलेली आहे आणि ती पाहिली तर बरेच बेत आयते मिळतात. सोलापूरकडे शेंगदाण्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी. मराठवाड्यात भाजलेल्या धान्य-डाळींचे आणि मसाल्यांचे येसर घरात करून ठेवतात, त्याची आमटी पाच-दहा मिनिटांत होते आणि तिच्यात भाकरी कुस्करून खातात. खानदेशात थंडीत भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन आहे. ते फिकट हिरवे, मोठे, गराचे आणि कमी बियांचे असते. ते भाजून, लाकडी भांड्यात ठेचून, कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि भरपूर तेल घालून कळण्याच्या, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाच्या भाकरीबरोबर वाढतात. त्या वांग्याशिवाय घरच्या गॅसवर जांभळ्या वांग्याचे भरीत करायचे असेल, तर वांग्याला तेल लावून, सुरीने दोन-तीन टोचे मारून मंद आचेवर देठापर्यंत भाजावे. देठाजवळचा भाग कडक राहिला की अख्खे भरीत तुरट लागते. कोकणात तांदळाची भाकरी आणि तिच्याबरोबर सुक्या बोंबलाची किंवा जवळ्याची चटणी असते. तुमच्याकडे मासळी चालते की नाही हे प्रश्नात नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

भाताच्या दिवशी मुख्य काम डाळीचे असते. तुरीची डाळ अर्धा तास भिजवून, हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब घालून शिजवावी. डाळ पूर्ण शिजून घोटली जाईपर्यंत चिंच, आमसूल किंवा टोमॅटो यांपैकी काहीही आत जाऊ देऊ नये, कारण आंबटपणामुळे डाळीचे दाणे मऊ व्हायला फार वेळ लागतो. बोअरिंगच्या जड पाण्यातही हीच अडचण येते. तसे पाणी असेल तर डाळीपुरते पिण्याचे पाणी घ्यावे. घोटलेल्या डाळीच्या चार तऱ्हा एकाच कुकरमधून निघतात, आणि कामावरून उशिरा येणाऱ्या घराला हा हिशेब उपयोगी आहे. नुसते मीठ, हिंग घालून तूप-लिंबाबरोबर साधे वरण. चिंच, गूळ, गोडा मसाला, कढीपत्ता आणि किंचित सुके खोबरे घालून उकळलेली आमटी. लसूण आणि सुक्या लाल मिरचीची वरून फोडणी दिलेली घट्ट डाळ. आणि मेथी, पालक किंवा चुका बारीक चिरून, शिजवून, दाण्याच्या कुटासह घोटलेली डाळभाजी. आमटी गोडसर असावी की नाही यावर घरोघरी वाद आहेत. माझे मत असे की चिंच जितकी, तितकाच गूळ घालावा, त्याहून जास्त गूळ घातला की भाताच्या तिसऱ्या घासाला कंटाळा येतो.

तूर सोडून भाताबरोबर आठवड्यातून एकदा कुळीथ घ्यावा. भाजलेल्या कुळथाचे पीठ तयार मिळते. लसणीच्या फोडणीत पाणी उकळून, पीठ गार पाण्यात कालवून घालावे, दोन आमसुले टाकावीत आणि पातळच ठेवावे. मऊ भात, ही पिठी, वर तूप आणि बाजूला भाजलेला पापड एवढे कोकणातल्या घरात पूर्ण जेवण समजले जाते. सगळे मिळून वीस मिनिटांचे काम आहे.

एका पदार्थावर मात्र मी तुम्हाला जास्त वेळ घालवायला सांगेन आणि तो म्हणजे डाळिंबी उसळ. कडवे वाल रात्री भिजत घालावेत, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावेत. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळपर्यंत, थंडीत त्याहून थोड्या उशिरा चांगले मोड येतात. मोड आलेले वाल कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे टाकले की साले सैल होतात आणि दाणा दोन बोटांत दाबला की सुटून बाहेर येतो. हे काम मुलांना द्यावे. सहा वर्षांच्या मुलाला पातेलेभर वाल सोलून झाल्यावर ती उसळ परकी वाटत नाही, एवढे मी खात्रीने सांगते. २ वाट्या सोललेल्या डाळिंब्यांना तेलात मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी करून डाळिंब्या अलगद परताव्यात आणि कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी घालावे. वरचे पाणी तापले की तेच थोडे थोडे आत घालत शिजवावे. गार पाणी घातले तर शिजण्यात खंड पडतो आणि चमच्याने ढवळत राहिले तर डाळिंब्यांचा लगदा होतो, म्हणून ढवळण्याऐवजी कढईच धरून हलवावी. दाणा बोटाने दाबल्यावर चेपला गेला की मग ३-४ आमसुले, सुपारीएवढा गूळ, मीठ, तिखट, भाजून वाटलेले जिरे-सुके खोबरे आणि हवा असल्यास छोटा चमचा गोडा मसाला घालावा. आमसूल आधी पडले तर डाळिंब्या कडक राहतात, डाळीला सांगितलेला नियम येथेही आहे. शेवटी ओले खोबरे आणि कोथिंबीर. वालाचा किंचित कडवटपणा गूळ आणि आमसुलाने झाकला जात नाही, तो मागे राहतोच, आणि उसळीची मजा त्यातच आहे. भात आणि पोळी दोन्हींबरोबर ती चालते, त्यामुळे सकाळचा डबा आणि रात्रीचे जेवण एका कढईत निघते.

आता ‘त्याच त्याच भाज्या’ या तक्रारीकडे वळते, कारण तिचे मूळ मला भाज्यांत दिसत नाही. मोहरी, जिरे, कांदा, टोमॅटो, आले-लसूण, तिखट, गोडा मसाला हा क्रम फ्लॉवरलाही आणि भेंडीलाही लावला, तर बारा भाज्या आणूनही चव एकच येणार. जुन्या घरांतून भाजी बदलली की तिची फोडणी आणि शेवटी पडणारी वस्तू दोन्ही बदलत. दोडक्याचे उदाहरण घेते, कारण मुलांचा त्यावर सर्वांत जास्त राग असतो. दोडका चिरून, भिजवलेली मूगडाळ घालून, फक्त जिरे-हिरवी मिरचीच्या फोडणीवर वाफवला आणि वर ओले खोबरे घातले, तर भाजी सौम्य आणि गोडसर होते. त्याच दोडक्याला लसणीची फोडणी, तिखट आणि मूठभर दाण्याचे कूट दिले की तो भाकरीचा सोबती होतो. मोठ्या फोडी करून, मध्ये चीर देऊन, तीळ-खोबरे-गोडा मसाल्याचे सारण भरले तर पाहुण्यांनाही वाढता येतो. आणि सोलताना निघालेल्या शिरा टाकून द्यायच्या नाहीत. त्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतून, तीळ, सुके खोबरे, मिरची आणि मीठ घालून भरड कुटल्या की उत्तम चटणी होते. या चारांपैकी कोणत्याही प्रकारात कांदा-टोमॅटो नाही, हे मुद्दाम लक्षात आणून देते. पालेभाजीचेही तसेच: मेथीला डाळ किंवा पेरलेले पीठ, पालकाला ताक-बेसन आणि शेंगदाणे, शेपूला मूगडाळ, अळूला चिंच-गूळ आणि भिजवलेली हरभराडाळ. गोडा मसाला आमटी, भरल्या भाज्या, मसालेभात आणि उसळ एवढ्यांपुरता राखून ठेवला तर त्याची किंमत राहते.

मुलांसाठी वेगळी भाजी करू नये. सगळ्यांची भाजी बेताच्या तिखटाची करावी आणि मोठ्यांसाठी छोट्या कढल्यात तेल, ठेचलेली लसूण आणि लाल तिखट यांची फोडणी करून वाढताना वरून घ्यावी. तेल गॅसवरून उतरवल्यावरच तिखट घालावे, नाहीतर ते जळून काळे पडते.

ज्या दिवशी दोन पदार्थ करण्याचे त्राण नसते त्या दिवसासाठी वरणफळे, ज्यांना काही घरांत चकोल्या म्हणतात. आमटी नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट पातळ करून खळखळ उकळत ठेवावी. कणकेत तिखट, हळद, ओवा, मीठ आणि गरम तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवावी, पोळीपेक्षा किंचित जाड लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत आणि ते एकेक करून उकळत्या आमटीत सोडावेत. एकदम ओतले तर त्यांचा गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत फळे शिजतात आणि आमटी दाट होते. वाढताना तुपाची धार हवीच. सासूबाईंसाठी पोळी थोडी पातळ लाटावी.

दुसरा आधार थालीपिठाचा. भाजणी विकत मिळते, परंतु घरची वेगळी लागते आणि वर्षातून दोनदा करणे जड नाही. माझे प्रमाण ज्वारी २ वाट्या, बाजरी २ वाट्या, तांदूळ १ वाटी, हरभराडाळ १ वाटी, उडीदडाळ अर्धी वाटी, गहू अर्धी वाटी, धणे अर्धी वाटी आणि जिरे २ चमचे असे आहे. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजावा, कारण तांदूळ भाजून होईपर्यंत धणे करपून जातात. उडीद वाढवला तर थालीपीठ चिकट होते आणि तव्यावरून सुटत नाही. थापून झाल्यावर मध्ये आणि भोवती बोटाने भोके पाडून तेल सोडावे, झाकण ठेवून एक वाफ आणावी, मग झाकण काढून खालची बाजू खरपूस होऊ द्यावी. लोण्याबरोबर द्यावे, लोणी नसेल तर घट्ट दही.

पूर्वतयारीबद्दल थोडेच सांगते. रविवारी चिंचेचा कोळ काढून ठेवावा, सुके खोबरे किसून भाजून ठेवावे, दाण्याचे कूट आठवड्यापुरतेच करावे कारण ते खवट होते, आणि खवलेले ओले खोबरे लहान डब्यांतून फ्रीझरमध्ये ठेवावे. कांदा-खोबऱ्याचे ओले वाटण आठवडाभराचे करून ठेवण्याची पद्धत आता बरीच रूढ आहे. मला ती पसंत नाही, कारण दोन-तीन दिवसांनंतर त्याला वास येऊ लागतो आणि शिवाय ते तयार आहे म्हणून सगळ्याच भाज्यांत पडते.

राहिला पाहुण्यांचा प्रश्न. आठ-दहा माणसांना पुरी-पनीर करून दमून जाण्यापेक्षा मसालेभाताचा बेत करावा, कारण त्यात मुख्य काम एका पातेल्यात संपते. दहा जणांना ५ वाट्या तांदूळ पुरेसे होतात. आंबेमोहोराचा वास सुंदर असतो पण तो मऊ आणि थोडा चिकट शिजतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ या भाताच्या जातींच्या संकरातून तयार झालेला इंद्रायणी त्याहूनही चिकट असतो. दोन्ही तांदूळ तूप-मेतकुटाच्या आसट भाताला ठेवावेत आणि मसालेभाताला सुरती कोलम किंवा तत्सम मोकळा शिजणारा तांदूळ घ्यावा. तांदूळ धुऊन अर्धा तास चाळणीवर निथळत ठेवावेत. पातेल्यात तेल-तुपावर मोहरी, हिंग, हळद, तमालपत्र, लवंग, दालचिनी आणि काजू घालून, उभी चिरलेली तोंडली, वांग्याच्या फोडी, मटार आणि फ्लॉवर परतावेत. तोंडली आधी घालावीत, ती शिजायला वेळ घेतात. मग तांदूळ घालून ते हाताला गरम लागेपर्यंत परतावेत. ५ मोठे चमचे गोडा मसाला, तिखट, मीठ, थोडा गूळ आणि १० वाट्या उकळते पाणी घालावे. पाणी आटत आले आणि भातावर छिद्रे दिसू लागली की झाकण ठेवून पातेल्याखाली तवा सरकवावा आणि पंधरा मिनिटे मंद आचेवर वाफ द्यावी. मध्ये उघडून ढवळू नये. उतरवल्यावर दहा मिनिटे तसाच ठेवून मग काट्याने किंवा उलथण्याच्या कडेने मोकळा करावा.

त्याच्याबरोबर आले, कोथिंबीर, जिरेपूड घातलेला मठ्ठा, काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, बटाट्याची भजी आणि तळलेले पापड ठेवावेत. गोड म्हणून आदल्या दिवशी केलेले श्रीखंड. कोशिंबिरीत मीठ आणि दही अगदी वाढायच्या वेळी घालावे, नाहीतर काकडीला पाणी सुटते. भात पाहुणे यायच्या अर्धा तास आधी उतरेल अशा बेताने चढवावा, म्हणजे भजी गरम काढायला हात मोकळे राहतात.